कोपाच्या भीतीतून बाहेर पडताना

एखाद्या बुवाला अटक झाली की बातमी येते. किती लोक फसले, किती पैसे गेले याची चार दिवस चर्चा होते आणि मग ती बातमी मागे पडते. त्या मठातून, त्या दरबारातून घरी परतलेल्या माणसांचं पुढे काय होतं, त्यांना रात्री झोप लागते का, हे कुणी विचारत नाही. मी त्या परतलेल्यांपैकी एक आहे. आमच्या महाराजांना अटक वगैरे काही झालेली नाही. मीच तिथून निघाले.

माझं माहेर सांगली जिल्ह्यातलं, तालुक्याच्या गावचं. आमच्या घरात महाराजांच्या शब्दाशिवाय पान हलत नसे. दुकानात कुठला माल भरायचा, आत्याचं लग्न कुठे जमवायचं, मला सायन्सला घालायचं की नाही, सगळं गुरुवारी मठात विचारून ठरायचं. मी चौदा वर्षांची असताना मठात सप्ताह चालू होता आणि त्याच आठवड्यात मला पहिल्यांदा पाळी आली. मला ते कळायच्या आत मी पाण्याच्या हंड्याला हात लावला होता. त्यानंतर दोनच दिवसांनी माझ्या धाकट्या भावाला फिट आली. पन्नास-साठ माणसांसमोर महाराजांनी मला उभं केलं आणि सांगितलं की हिच्या विटाळाचं हे फळ आहे. भावाला डॉक्टरांच्या गोळ्या सुरू झाल्या होत्या, त्या काही महिन्यांनी मठाच्या आज्ञेवरून बंद झाल्या आणि त्यांच्या जागी अंगारा आला. एका रात्री त्याचे झटके थांबेनातच. मिरजेच्या दवाखान्यात न्यायला उशीर झाला. तो वाचला, पण त्याच्या डाव्या हातात तेव्हापासून जोर कमी आहे.

हे सगळं माझ्यामुळे झालं, असं मी पुढे कितीतरी वर्षं मानत होते. आता मानत नाही. मधल्या काळात मला जे समजलं ते इथे लिहिते आहे, कारण अशाच वाटेवरून आलेल्या बायका मला अधूनमधून भेटतात आणि त्यांना हेच हवं असतं.

१. विश्वास आधी जातो, भीती मागे राहते

पुण्याला नोकरी लागल्यावर महाराजांवरचा माझा विश्वास उडायला फार काळ लागला नाही. वाचन वाढलं, वेगळी माणसं भेटली, पाळी हा शरीराचा नेहमीचा व्यवहार आहे एवढं तर शाळेच्या पुस्तकातही होतं. डोक्यातून तो विषय संपला. तरीही गुरुवारी संध्याकाळी, आरतीच्या वेळेला, छातीत धडधडायचं. अमावास्येच्या रात्री फोन वाजला की मनात यायचं, भावाला काहीतरी झालं. आणि पाठोपाठ, माझ्यामुळे झालं. उदाचा वास कुठल्या दुकानात आला तरी हातपाय गार पडायचे. मला वाटायचं, आपण वरवर सुधारलो, आतून अजून तिथल्याच आहोत.

ज्या समुपदेशक बाईंकडे मी पुढे गेले त्यांनी हा गुंता सोडवला. त्या म्हणाल्या, लहानपणी ही भीती तुम्ही विचार करून स्वीकारली नव्हती, मग ती नुसता विचार करून जाईल कशी? ज्या वयात मूल मोठ्यांचं बोलणं तपासून बघू शकत नाही, त्या वयात वास, वार, आवाज यांच्यासकट धोका शरीरात नोंदला जातो. मत बदललं तरी ती नोंद तशीच राहते. त्या दिवसापासून मी धडधडीला श्रद्धेचा पुरावा मानणं सोडलं. गुरुवारी छाती धडधडते याचा अर्थ महाराज खरे होते असा होत नाही. आपल्याला तिथे फार घाबरवलं होतं, एवढाच त्याचा अर्थ.

अमेरिकेतल्या मार्लीन विनेल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०११ मध्ये अशा त्रासाला ‘रिलिजस ट्रॉमा सिंड्रोम’ असं नाव सुचवलं. त्या स्वतः धर्मप्रचारकांच्या घरात वाढल्या आणि नंतर त्या श्रद्धेतून बाहेर पडल्या. त्यांचं काम मुख्यतः कर्मठ ख्रिस्ती पंथांमधून निघालेल्या माणसांसोबतचं. मानसोपचाराच्या अधिकृत यादीत हे नाव आजाराचं म्हणून नाही, हेही सांगायला हवं. मात्र अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९९४ मध्येच आपल्या निदानपुस्तिकेत धार्मिक वा आध्यात्मिक अडचण ही उपचारात लक्ष देण्याजोगी बाब म्हणून नोंदवली आहे. नरकाच्या भीतीने दचकून उठणारी तिथली मुलगी आणि कोपाच्या भीतीने उठणारी आमच्या तालुक्यातली मुलगी यांच्या झोपेत फारसा फरक नसावा. हे वाचलं त्या रात्री मला खूप रडू आलं, आणि ते बरं वाटणारं रडू होतं.

२. घटना जशी घडली तशी, क्रमाने लिहून काढा

मठात एक नियम सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला होता: गुरुनिंदा करायची नाही, आणि कानावर पडली तरी उठून जायचं. याचा परिणाम असा की जे घडलं ते मी स्वतःशीसुद्धा सरळ वाक्यात बोलू शकत नव्हते. ‘महाराजांनी आमच्या घराची परीक्षा घेतली’, ‘भावाचे भोग होते’, ‘माझ्या हातून ते झालं’ अशी वाक्यं तोंडात तयार असायची आणि त्यात कोण काय करत होतं हे दिसतच नसे.

समुपदेशक बाईंनी मला एक साधं काम दिलं. कोप, कृपा, भोग, परीक्षा यांच्यावर काही न लिहिता फक्त कुणी काय सांगितलं, कुणी काय केलं आणि त्यानंतर काय झालं एवढंच लिहायचं. पोलीस पंचनामा लिहितात तसं. मला ते पान लिहायला कित्येक आठवडे लागले. लिहून झालं तेव्हा कागदावर असं होतं: डॉक्टरांनी गोळ्या चालू ठेवायला सांगितल्या. महाराजांनी बंद करायला सांगितल्या. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बंद केल्या. भावाला सलग झटके आले. मठातल्या सेवेकऱ्यांनी ‘आरती होईपर्यंत थांबा’ असं सांगितलं. आम्ही थांबलो. त्या संपूर्ण पानावर माझ्या पाळीला जागाच नव्हती. ती कुठेही बसत नव्हती.

त्याच्या पुढचं पाऊल मी भावाबरोबर टाकलं. त्याचे जुने-नवे रिपोर्ट घेऊन आम्ही मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेलो आणि मी त्यांना स्पष्ट विचारलं की हे कशामुळे सुरू झालं असेल. त्यांनी एमआरआय दाखवला. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडल्याची खूण त्यात होती. म्हणजे कारण घडलं तेव्हा मी पाच वर्षांची होते. फिट्सच्या गोळ्या एकाएकी बंद केल्या तर झटके उसळून येतात, कधी थांबतच नाहीत आणि जिवावर बेततं, हेही त्यांनी समजावलं. जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि नीट औषध मिळालं तर त्यातल्या सत्तर टक्क्यांपर्यंत लोकांचे झटके पूर्ण थांबू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे मात्र फिट आली की अजून कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात आणि बाहेरची बाधा बघायला धावतात.

ज्या बायका मला भेटतात त्यांना मी हे आग्रहाने सांगते. तुमच्या माथी जो दोष मारला गेला त्याचं खरं कारण शोधून काढा. गर्भपात झाला असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा, धंदा बुडाला असेल तर हिशोबाच्या वह्या काढा. अपराधीपणाची भावना समजुतीने हलत नाही, पण खऱ्या कारणासमोर तिला टिकणं जड जातं.

३. वाद घालणारे आणि नवा गुरू सुचवणारे, दोघांपासून काही काळ लांब

बाहेर पडलेल्या माणसाभोवती दोन प्रकारचे हितचिंतक जमतात. एक म्हणतात, ‘तुम्ही इतक्या शिकलेल्या, तुम्हाला कळलं कसं नाही?’ दुसरे म्हणतात, ‘तुम्हाला खोटा भेटला म्हणून सगळे खोटे थोडेच? आमच्याकडे एकदा येऊन बघा.’ दोघांचाही हेतू चांगला असतो. पण पहिल्यांसमोर मला लाज वाटायची आणि दुसऱ्यांसमोर धाप लागायची. त्या काळात मला बाजू घ्यायची नव्हती, बसायला जागा हवी होती.

विवेकवादी चळवळीबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे, हे इथेच लिहून ठेवते. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ मध्ये महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती (अंनिस) उभी केली नसती तर माझ्यासारखीला आपल्याशी जे झालं ते चूक होतं असं म्हणायची भाषाच मिळाली नसती. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. त्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडले होते. त्याच चळवळीतल्या एका बाईंकडून मी जे शिकले ते पुढच्या मुद्द्यात आहे.

४. शरीराला हळूहळू शिकवावं लागतं

जटा सोडवणाऱ्या अंनिसच्या कार्यकर्त्यांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. केसांत गुंता होऊन जट झाली की ती देवीची म्हणून बाई आयुष्यभर वागवते. मानेला ओझं, डोक्यात उवा, झोपायची पंचाईत, पण कापली तर घरात कुणीतरी मरेल ही धास्ती. त्यांच्यातल्या एका कार्यकर्तीला मी विचारलं, कात्री लावायला किती वेळ लागतो? त्या म्हणाल्या, कात्रीला तास-दोन तास. त्याआधी घरी जाणं-येणं, सासूशी बोलणं, तिच्या मनातली भीती ऐकून घेणं, यात महिने जातात. बाई स्वतः हो म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. आणि कापल्यानंतर तिला विसरायचं नाही, कारण पुढच्या महिन्यात घरातलं वासरू जरी आजारी पडलं तरी ती हादरणार.

मी माझ्या बाबतीत हीच रीत ठेवली. समुपदेशकांच्या देखरेखीखाली एक यादी केली, सर्वांत सोप्या भीतीपासून सर्वांत अवघड भीतीपर्यंत. गुरुवारचा उपास सोडून दुपारी साधं वरण-भात खाणं ही पहिली पायरी. पाळीच्या दिवसांत लोणच्याच्या बरणीत हात घालणं ही मधली. पर्समधली अंगाऱ्याची पुडी काढून घरी ठेवून ऑफिसला जाणं, मग ती पुडीच नसणं. प्रत्येक पायरीवर भीती चढायची, आणि मी काही तोडगा न करता, कुणाला फोन करून खात्री न करता, ती उतरेपर्यंत थांबायचे. ती उतरतेच. हे शरीराला पुस्तकातून कळत नाही, अनुभवानेच कळतं.

ज्यांना मनात आलेल्या ‘पापी’ विचारासाठी पुन्हा पुन्हा क्षमा मागावी लागते, नामजप चुकला म्हणून पहिल्यापासून सुरू करावा लागतो, हात धुणं थांबत नाही, त्यांच्यासाठी मुद्दाम सांगते: हे ओसीडी या मानसिक आजाराचं रूप असू शकतं. त्यावर उपचार आहेत, औषधं आहेत आणि ती घेण्यात काहीही कमीपणा नाही. आणि घाईने धाडसं करू नका. पादुका पहिल्याच दिवशी नदीत सोडून आलेली माझी एक मैत्रीण त्या धक्क्याने आठवडाभर अंथरुणाला खिळली.

५. जे चांगलं होतं त्याचंही दुःख करा

याबद्दल कुणी बोलत नाही. मठात सगळंच वाईट असतं तर आम्ही तिथे वीस-वीस वर्षं राहिलोच नसतो. गुरुवारच्या महाप्रसादाची खिचडी, पाचशे माणसांच्या टाळ्यांच्या ठेक्यावर चाललेलं भजन, आजारी पडलं की डबा घेऊन येणाऱ्या काकू, लहानपणच्या माझ्या सगळ्या मैत्रिणी. आई कधी हसताना दिसायची तर तिथेच, फुलांचे हार करताना. मी मठ सोडला त्याच दिवशी हे सगळं सुटलं. गावी बाजारात त्याच काकू समोरून आल्या आणि पदर सावरून दुसऱ्या बाजूने निघून गेल्या. मी माणसं गमावली होती आणि त्यांच्यासाठी सुतक नव्हतं.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांचं आघातातून सावरण्यावरचं पुस्तक १९९२ चं. आधी सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग माणसांशी पुन्हा जोडलं जाणं, असे तीन टप्पे त्यांनी मांडले. मधल्या टप्प्यातला शोक आपण टाळतो, कारण ज्यांनी आपल्याला दुखावलं त्यांच्यासाठी रडायचं कसं, असा प्रश्न पडतो. रडा. भजनाची आठवण येते म्हणून तुम्ही परत निघालात असं होत नाही. मी तर पुढे आमच्या सोसायटीतल्या बायकांच्या भजनी मंडळात जाऊ लागले. तिथे कुणी कुणाचं ऐकायचं नसतं, पेटीच्या सुराचं तेवढं ऐकायचं असतं.

६. रागाला घाबरू नका

आमच्या घरात राग हा पुरुषांचा आणि महाराजांचा. मला तो आला तेव्हा मीच दचकले. एकटी असताना उशीत तोंड खुपसून ओरडले आहे, पत्रं लिहून फाडली आहेत. त्याने काही बिघडत नाही. रागामुळेच मला पहिल्यांदा जाणवलं की माझ्यावर अन्याय झाला होता आणि मी तेव्हा मूल होते.

७. आई-वडिलांचं काय करायचं

हा सर्वांत नाजूक भाग, म्हणून इथे थोडी थांबते.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी कॉलेजात असताना वाचली होती, पण बाहेर पडल्यावर पुन्हा वाचली तेव्हा सुरुवातीची पानंच मला खिळवून गेली. १८५७ च्या बंडात कुटुंबातल्या एका वडीलधाऱ्या माणसाला फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात नाही, माणसं विटाळाच्या धाकात, बायको आणि मुलं त्या शिस्तीखाली भरडलेली. लक्ष्मीबाई हे सांगताना वडिलांना खलनायक करत नाहीत आणि त्यांनी दिलेला जाच लपवतही नाहीत. दोन्ही एकाच ओळीत राहू शकतं हे मला त्यांच्याकडून मिळालं.

मग मी अण्णांकडे त्या नजरेने बघितलं. आजोबा गेले, दुकानावर कर्ज, आणि पहिल्या मुलाचं बाळंतपणातच जाणं, या सगळ्यानंतर ते मठात गेले होते. महाराजांनी त्यांना खात्री विकली. आपण जे सांगतो ते केलं तर पुन्हा कुणी जाणार नाही, ही खात्री. घाबरलेल्या माणसाने आपली भीती मुलांच्या हातात दिली. हे समजल्यावर माझा द्वेष ओसरला. पण समजून घेणं वेगळं आणि सगळं पूर्ववत करणं वेगळं. मी आईला स्पष्ट सांगितलं.

‘आई, मी घरी येईन, सणाला येईन, तुझ्याबरोबर देवळातही येईन. पण मठाचा विषय माझ्याशी काढायचा नाही, आणि माझ्या मुलीला मला न विचारता अंगारा लावायचा नाही.’

‘अगं, तिच्या भल्यासाठीच ना?’

‘माझ्याही भल्यासाठीच होतं की सगळं.’

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘तुला सगळ्यांसमोर उभं केलं तेव्हा मी उठायला पाहिजे होतं.’ एवढंच. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही आणि अंगाराही लावला नाही. सगळ्यांच्या आया असं म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. माझ्या एका मैत्रिणीच्या घरच्यांनी तिचं नाव घेणं सोडलंय. तिने सात-आठ वर्षं वाट बघितली आणि मग बघणं थांबवलं. तिचं तेही बरोबर आहे. कबुली मिळाल्याशिवाय आपण बरे होऊच शकत नाही असं ठरवलं, तर आपली किल्ली पुन्हा त्यांच्याच हातात जाते.

८. निर्णय घ्यायला नव्याने शिकावं लागतं

सगळं विचारून करायची सवय असलेल्या माणसाला मोकळीक मिळाली की आधी चक्करच येते. प्लास्टर काढल्यावर हात काही दिवस उचलत नाही, तसं होतं. मला घरासाठी पडदे निवडता येत नव्हते. नवऱ्याला विचारायचे, तो ‘तुला आवडेल ते’ म्हणाला की चिडायचे. इथे एक धोका असतो, तो जरूर ओळखा: विचारायला कुणीतरी हवं म्हणून माणूस नवा महाराज शोधतो. तो दर वेळी भगव्या कपड्यातच असेल असं नाही. शिबिरं घेणारा वक्ता असेल, ज्योतिषी असेल, ‘ऊर्जा’ बरी करणाऱ्या बाई असतील, एखादा थेरपिस्टही असेल.

मी आता कुठल्याही जागी गेले की काही गोष्टी आधी बघते. इथे प्रश्न विचारला तर काय होतं? सोडून गेलेल्यांबद्दल हे लोक कसं बोलतात? पैशाचा हिशोब मागता येतो का? डॉक्टरांच्या सल्ल्याच्या आड हे येतात का? आणि बाहेरच्या माणसांपासून आपल्याला तोडतात का? सोडून गेलेल्यांबद्दल वाईट बोलणाऱ्या जागेत मी दुसऱ्यांदा पाऊल ठेवत नाही. मग तिथे बाकी काही बघायची मला गरज पडत नाही.

९. देवाचं काय, हे तुमचं तुम्ही ठरवा, आणि सावकाश

पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. ज्या शास्त्रांमध्ये त्या वाढल्या होत्या त्यांनी बाईला दिलेली जागा त्यांना मान्य नव्हती. पण नव्या धर्मात गेल्यावरही त्या मान खाली घालून बसल्या नाहीत. वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या सिद्धान्तांवर हुज्जत घालतात आणि आपल्या सदसद्विवेकाचा हक्क चर्चच्या अधिकाऱ्यांच्या स्वाधीन करायला नकार देतात. मला रमाबाईंचं हे वागणं फार जवळचं वाटतं. एका अधिकारातून सुटून दुसऱ्याच्या ताब्यात जायचं नाही, मग तो अधिकार देवाच्या नावाने येवो किंवा देव नाही म्हणणाऱ्यांच्या नावाने.

केनेथ पर्गामेंट या मानसशास्त्रज्ञांनी धर्म आणि मनःस्वास्थ्य यांचा आयुष्यभर अभ्यास केला. देव माझ्या पाठीशी आहे असं वाटणाऱ्यांना संकटात आधार मिळतो, आणि देव मला शिक्षा करतो आहे किंवा त्याने मला टाकलंय असं वाटणाऱ्यांचा त्रास वाढतो, असं त्यांच्या आणि इतरांच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. म्हणजे देवाला मानणं-न मानणं एवढाच प्रश्न नसतो. कुठला देव आपल्या मनात बसवला गेला, हा प्रश्न असतो. माझ्या मनात बसवलेला देव चौदा वर्षांच्या पोरीवर सूड उगवणारा होता. त्याला मी निरोप दिला.

आपल्या संतपरंपरेने मला इथे धीर दिला. जनाबाई विठ्ठलाशी घरातल्या माणसासारखी भांडते, चोखोबा देवळाबाहेर उभे राहून त्यालाच जाब विचारतात. त्यांना मधे कुणी लागत नाही आणि रागावल्याबद्दल त्यांना कुणी कोपाचा धाक घालत नाही. माझी एक मैत्रीण दरबारातून बाहेर पडली आणि आता दरवर्षी आळंदीहून वारीला जाते. तिथे तिला कुणीही काही विचारत नाही, हेच तिला आवडतं. दुसरी पूर्ण नास्तिक झाली आणि सुखात आहे. मी पूजा करत नाही. देव आहे का, या प्रश्नाचं उत्तर मला आज द्यावंसं वाटत नाही, आणि ते न देताही दिवस चांगले जातात.

१०. कायदा आणि मदत, दोन्ही माहीत असू द्या

२०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत बारा बाबी आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोरीने, साखळीने बांधून मारणं, अंगात शक्ती आल्याचं सांगून इतरांना धाक घालणं, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर वैद्यकीय उपचार रोखून मंत्र-गंडेदोरे करणं अशा गोष्टी त्यात येतात. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. वारी, कीर्तन, प्रवचन, प्रदक्षिणा यांना त्या कायद्याने हात लावलेला नाही, हे घरच्यांना समजावताना उपयोगी पडतं. तक्रार करायची की नाही हे तुमच्या ताकदीवर ठरवा. मी केली नाही, कारण तेव्हा भावाला आणि आईला ते पेलणारं नव्हतं.

मनाच्या मदतीसाठी सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा आहे, क्रमांक १४४१६, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं. समुपदेशकाकडे पहिल्या भेटीत खुशाल विचारा की धर्माबद्दल तुमची स्वतःची मतं काहीही असोत, ती तुम्ही माझ्यावर लादणार नाही ना? चांगला समुपदेशक या प्रश्नाने दुखावत नाही.

११. कुणी नुकतंच बाहेर पडलं असेल तर

हे शेवटचं त्यांच्यासाठी, ज्यांची बहीण, मैत्रीण, सून किंवा शेजारीण अशी परत आली आहे. ‘इतकी वर्षं कशी राहिलीस?’ असं विचारू नका. तिची थट्टा करू नका, आणि तिच्यासमोर त्या महाराजांचीही थट्टा नको. तिला अजून त्यांची भीती वाटते. ती पुन्हा एकदा तिकडे जाऊन आली तरी दार उघडं ठेवा, बरेच जण पहिल्या प्रयत्नात सुटत नाहीत. तिच्या औषधांची चिठ्ठी, बँकेचं पुस्तक आणि आधार कार्ड तिच्या स्वतःच्या हातात आहे ना, एवढं बघा. दवाखान्यात सोबत जा. अमावास्येच्या रात्री फोन चालू ठेवा आणि तिने केला तर समजूत घालत बसू नका, झोप येईपर्यंत इकडचं तिकडचं बोला. तिचा वार माहीत करून घ्या, कुणाचा गुरुवार असतो, कुणाचा मंगळवार किंवा रविवार. त्या संध्याकाळी तिला घरी जेवायला बोलवा, आणि एकदा बोलावलंत की निदान वर्षभर दर आठवड्याला बोलवा.